भावजींची कॉफी आणि सोनीआजीचं नवं

आमच्या भावजींइतका डोक्यात जाणारा माणूस जव्हारच्या अख्ख्या पठारावर दुसरा नसेल, आणि हे मी रागाच्या भरात नाही, चांगला विचार करून बोलते आहे. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ठाण्यात बँकेत होते, पंख्याखालची खुर्ची होती, दुपारी डबा खाऊन वामकुक्षी घेतली तरी कुणी विचारत नव्हतं. ते सगळं सोडून हा माणूस गावी आला आणि आमच्या घरामागच्या शेडमध्ये, जिथे माझी स्कूटर सुखाने उभी असायची, तिथे कॉफी भाजायचं मशीन बसवून मोकळा झाला. वेळेवर चहा मिळाला नाही की जिथली माणसं उगाच भांडण उकरून काढतात, त्या जव्हारात कॉफी. तेव्हापासून माझी स्कूटर पावसात भिजत होती.

बरं, मशीन बसवलं तर बसवलं, भाजणी निदान गुपचूप करावी. ते नाही. भाजणीच्या दिवशी, म्हणजे दर रविवारी, घरात फोडणी बंद, उदबत्ती बंद, ह्यांच्या दाढीचा साबणसुद्धा बंद. का, तर नाक बिघडतं. एका रविवारी मी न राहवून सुकट परतायला घेतली, तर भावजी शेडमधून घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून आले. म्हणाले, "वहिनी, आजचा लॉट गेला." मी म्हटलं, "सुकट माझ्या तव्यात, दाणे तुमच्या मशीनमध्ये, मध्ये दोन भिंती. गेला कसा?" तर म्हणे वास भिंती मानत नाही. भाजून झालं की ओळीने कप मांडायचे आणि चमच्याने एकेक घोट असा भुर्रकन ओढायचा की माझ्या विहीणबाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांना वाटलं भावजींना धाप लागली, त्या पाणी घेऊन धावल्या. मग डोळे मिटून निकाल सांगायचा, "आधी फणस लागतो, मग गूळ, शेवटाला किंचित चिंच." मला विचाराल तर नुसतं काळं पाणी. त्यात साखर मागायची सोय नाही. "साखर घालायची तर पिकवणाऱ्याने एवढं जपलं कशाला?" असं पाहुण्याच्या तोंडावर विचारतात आणि आम्ही खाली बघतो.

आणि ते एक वाक्य. "हे कुणी पिकवलं?" कुठेही जा, काहीही खा, हा प्रश्न ठरलेला. नाशिकला माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीत मसालेभात वाढणाऱ्याला थांबवून विचारलं, तांदूळ कुठल्या गावचा, कुणाच्या शेतातला. तो बिचारा आचाऱ्याकडे गेला, आचारी दुकानदाराचं नाव सांगत बाहेर आला, सगळी पंगत हात आवरून बसली. दुकानदार म्हणजे पिकवणारा नव्हे, हे भावजींनी त्याला तिथे उभ्या उभ्या समजावलं. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

भावजींची कॉफी येते सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरून. कधीतरी कुठल्याशा योजनेत तिथे रोपं वाटली होती. बाकीच्यांनी ती सोडून दिली, पण तिथल्या सोनीआजी नावाच्या म्हातारीने आणि तिच्या शेजारणींनी आंब्या-फणसाच्या सावलीत जगवली. उन्हाळ्यात जिथे प्यायचं पाणी डोक्यावरून चढ चढून आणायचं, तिथे भांडी विसळलेलं पाणी रोपांना घालून जगवली. भावजी तिथे वर्षभर जाऊन बसायचे. हिरवं फळ तोडू नका, लालच तोडा, भाव तुम्ही बसून ठरवा, मी तो देईन. आणि प्रत्येक वेळी एकच पालुपद, "आजी, हे शोभेचं झुडूप नाही. हे पीक आहे, तुमच्या नागलीसारखं. त्याला नागलीचा मान द्या."

पहिलं चांगलं पीक आलं आणि मुंबईच्या एका कॅफेवाल्याने ते सगळंच्या सगळं मागितलं. ही ऑर्डर मिळाली तर मशीन वर्षभर चालणार होतं, नाही मिळाली तर भावजींना परत ठाण्याची नोकरी धरावी लागणार होती. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. कॅफेवाला गाडी घेऊन पाड्यावर आला, भावजींबरोबर मीही गेले. त्याने टोपली घेतलेल्या सोनीआजीचा फोटो काढला, पाकिटावर छापायला. भावजींनी विचारलं, "तिला विचारलंत का?" तो म्हणाला, "सर, ती हसली की." भावजींनी त्याला तिथेच थांबवून स्वतः आजीला विचारलं.

आजी म्हणाली, "फोटू लाव दादा, फोटूला काय होतंय? पन कॉफी न्यायची नाय आजून."

"का आजी?"

"नवा झाला नाय. मानसा ईटभट्टीवर गेलीत, शिमग्याला येतील. देवाला दावू, समदी मिळून चाखू, मग ने. तूच बोललास ना, नागलीवानी पीक हाय म्हनून?"

आमच्याकडच्या पाड्यांवर नवं पीक देवापुढे ठेवून सगळ्यांनी मिळून खाल्ल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण कॉफीचं नवं करायचं असतं हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते भावजींनीच शिकवून ठेवलं होतं.

कॅफेवाला घड्याळ बघत म्हणाला, शिमग्यापर्यंत थांबणं जमणार नाही, पण ती पूजा आत्ताच करून घ्या, आम्ही छान व्हिडिओ काढू, गिऱ्हाइकांना असलं आवडतं. माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "माणसं भट्टीवर आहेत, ती काय तुमच्या व्हिडिओसाठी उडत येणार आहेत?" तो गाडीत बसून गेला, आणि त्याने दुसरीकडून माल घेतला.

परतीच्या वाटेवर मी राग भावजींवर काढला. म्हटलं, "आजीला समजावता आलं नसतं का, नागली वेगळी, कॉफी वेगळी म्हणून?" ते म्हणाले, "वहिनी, पीक आहे म्हणून मीच सांगितलं. आता ऑर्डर आली म्हणून ते पीक नाही, असं कुठल्या तोंडाने सांगू?"

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोठं पातेलं घेऊन पाड्यावर गेलो. भट्टीवरून आलेली माणसं, पोरंबाळं, सगळी अंगणात बसली होती. दाणे पाड्याबाहेर न नेता आजीच्या चुलीवरच भाजून कुटले. पहिली कॉफी पळसाच्या पानाच्या द्रोणात देवापुढे ठेवली, मग प्रत्येकाला दिली. आजीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय रं. साकर नाय?" भावजी उठले, मी पिशवीत लपवून आणलेला गूळ त्यांनी न विचारता बाहेर काढला आणि स्वतःच्या हाताने पातेल्यात फोडून टाकला. मग मात्र लोकांनी पुन्हा पुन्हा मागून घेतली. पातेलं रिकामं झालं तेव्हा भावजींच्या वाट्याला घोटभर उरली नव्हती. आजी पदराला तोंड पुसत म्हणाली, "झाला नवा. आता ने." भावजींनी मान हलवली. न्यायला कुणी नव्हतं, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. पोती त्यांनी ठरल्या भावाने स्वतःच घेतली, ती आमच्या माळ्यावर आहेत.

आता भावजी पुन्हा ठाण्यात आहेत. मध्ये भाचीने मला तिथल्या एका चकाचक कॅफेत नेलं. भिंतीवर टोपली घेतलेल्या एका म्हातारीचं हसरं चित्र होतं, सोनीआजी नव्हे, दुसरीच कुणी. माझ्या तोंडून गेलं, "ही बाई कोण? नाव काय हिचं?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, ते डिझाईन आहे." मी म्हटलं, मग ही कॉफी कुणी पिकवली, ते तरी सांग. आत विचारून ये. भाची टेबलाखालून माझा हात ओढत होती, आजूबाजूची माणसं कप खाली ठेवून बघत होती, आणि तो पोरगा आत गेला तो परत आलाच नाही. माझा इतका संताप झाला की कप तसाच टाकून मी उठले.

माझी स्कूटर परत शेडमध्ये कोरडी उभी असते. मशीन ताडपत्रीखाली आहे. एखाद्या रविवारी भावजी येतात, माळ्यावरचे थोडे दाणे काढून भाजतात आणि संध्याकाळच्या एसटीने जातात. येणार की नाही ते कधी आधी कळवत नाहीत, तेवढी शिस्त ह्या माणसाला नाहीच. म्हणून रविवारी मी घरात फोडणी देत नाही.