मेश्रामबाईंच्या डोक्यातली वीज

"रिपोर्ट नॉर्मल आहे ना? म्हणजे ढोंग करते बाई. तसं लिहून द्या, डॉक्टर."

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष खुर्चीत रेलून बोलत होते. समोर सुनंदा मेश्राम उभी. चिमूरकडच्या एका खेड्यात त्यांच्याच शाळेत चौथीला शिकवायची. भर वर्गात तिला दोनदा झटके आले होते. गावात कोणी म्हणे बाहेरचं लागलं, कोणी म्हणे अंगात येतं. अध्यक्ष म्हणे ढोंग. त्यांच्या साळ्याच्या पोरीला ती जागा पाहिजे होती, हे सुनंदानं मला डोक्याला वायरी लावून घेतानाच सांगून टाकलं होतं. दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबणाऱ्या आईबापानं तिला शिकवलं. घरात नोकरी लागलेली ती पहिलीच. ढोंगी असा शिक्का बसला की नोकरी गेलीच समजा.

मी तेव्हा, ऐंशीच्या दशकात, चंद्रपूरच्या एका खाजगी दवाखान्यात ईईजी टेक्निशियन होते. "करंट देणारी बाई" अशी माझी ख्याती. अहो, आम्ही करंट देत नाही, घेतो! मेंदूचं सगळं काम बारीक विजेवर चालतं. डोक्याला पेस्टनं वायरी चिकटवायच्या. मशीन ती वीज मोठी करतं आणि आठ पेनं सरकत्या कागदावर रेषा काढत जातात. मिरगी असेल तर त्या रेषांत मध्येच टोकदार उसळ्या दिसतात. आम्ही त्यांना स्पाइक म्हणतो.

पण स्पाइक काय आपल्या सोयीनं येतात? मी रेकॉर्ड काढला तो अर्ध्या तासाचा. तेवढा वेळ मेंदू गुपचूप बसला तर कागद साफ. कागद साफ म्हणजे माणूस खोटं, हे कुठलं शास्त्र?

डॉक्टरांनाही हे पक्कं माहीत होतं. पण अध्यक्षांचा गावोगाव वट, त्यांच्या चिठ्ठीवर पेशंट यायचे. डॉक्टर नुसते चष्मा पुसत बसले. माझं डोकं तापलं.

"सर, रात्रभर जागवून उद्या परत काढू. झोपेतला रेकॉर्ड."

अध्यक्ष हसले. "तुम्ही टेक्निशियन ना, बाई? डॉक्टरले बोलू द्या."

"मी डॉक्टरांशीच बोलून राह्यले, भाऊ. तुमच्याशी नाई."

डॉक्टर खोकले. "काढा," म्हणाले. "पण मशीनवर झटका आला तर?"

"आला तर तुम्ही आहात, इंजेक्शन आहे. भर रस्त्यात येण्यापेक्षा बरं."

त्याचं असं असतं. रात्रभर जागलेल्या माणसाला डुलकी लागते, तेव्हा मेंदूतली गडबड बाहेर यायची शक्यता जास्त. पण माणसाला जागं ठेवायचं कसं? राखण करणारे नातेवाईकच आधी घोरायला लागतात. सुनंदा म्हणाली, "ताई, त्याची फिकीर नका करू. नाटकं सुरू झाले ना!"

धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडप पडतात. नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडल्याशिवाय संपत नाही. सुनंदा बापासोबत घोंगडं पांघरून ते बघत बसली आणि सकाळच्या एसटीनं थेट दवाखान्यात आली. डोळे लाल, केसांत मंडपाची धूळ. मी एकेक जागा स्पिरिटनं पुसून वायर लावली.

"कसं होतं नाटक?"

"खलनायक लय भारी होता, ताई. थेट आमच्या अध्यक्षाच्या वळणावर गेलेला."

पाठ टेकताच तिला झोप लागली. थोड्या वेळानं पेनं खरखरली. एक उसळी, लगेच दुसरी, मग ओळीनं. मी "आली!" म्हणून ओरडलेच. दुसऱ्याच्या मिरगीवर खूश होणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, ती मी. ओरडण्यानं सुनंदा जागी झाली.

"दिसली?"

"दिसली."

"म्हणजे मी खोटी नाई," म्हणाली, आणि ओंजळीत तोंड घालून रडली. माझेही डोळे भरले. लपवते कशाला?

दुपारी अध्यक्ष रिपोर्ट घ्यायला आले. ऐकून चेहरा खुलला त्यांचा. "मिरगी! मग तर लेकरांत ठेवताच येत नाई. काढूनच टाकतो."

"वा रे न्याय!" मी म्हणाले. "काल ढोंग म्हणून काढत होते, आज खरं निघालं म्हणून काढता? डोक्यात वीज असो की नसो, बाई घरीच बसली पाहिजे, हेच ना?"

डॉक्टर मला गप्प बसवतील असं वाटलं. त्यांनी पेन उचललं. आजार आहे, औषध सुरू केलं आहे, शिकवायला योग्य आहे, असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आणि वर्गात पुन्हा पडली तर?" अध्यक्ष गुरकावले.

उत्तर सुनंदानं दिलं. "पडीन तर उठीन. तुमी काऊन भेता?"

जाताना तिनं कागदाचा एक तुकडा मागून घेतला. स्पाइकवाला. वर्गात नकाशाशेजारी टांगला आणि पोरांना सांगितलं, ही तुमच्या बाईच्या डोक्यातली वीज. कधी जास्त होते, मग मी पडते. घाबरायचं नाही. मला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि मी उठेपर्यंत पाढे म्हणायचे.

पुढचं मला तिनंच सांगितलं, गोळ्या न्यायला आली तेव्हा. तालुक्याचे साहेब शाळेच्या तपासणीला आले आणि नेमकी ती त्यांच्यासमोर पडली. अध्यक्ष हुंगवायला पायातली चप्पल काढून धावले. पोरं आडवी आली. "नाई, अध्यक्षसाहेब. चप्पल पायात घाला." दोघी पोरींनी बाईंना कुशीवर वळवलं, बाकी वर्गानं सतराचा पाढा धरला. झटका ओसरला, सुनंदा थोडा वेळ भांबावून बसली, पाणी प्यायली. साहेबांनी एका पोरीला विचारलं, "बाईंना काय झालं?"

"करंट वाढला होता, साहेब. उतरला आता. तुमी बसा."

साहेब बसले. सुनंदाची नोकरी राहिली.

मी मात्र तेव्हापासून एक सवय लावून घेतली. नॉर्मल रिपोर्ट हातात देताना पेशंटला सांगायचं, आज काही सापडलं नाही, एवढंच हा कागद म्हणतो. सोबत कोणी अध्यक्ष असेल तर जरा मोठ्यानं सांगायचं.