मामाची ओंजळ

सुनेनं सर्दीवर म्हणून नातवाच्या रुमालात कापूर बांधला, आणि त्या वासानं मला काष्टी गावातलं आमचं जुनं घर आठवलं. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला होता. कापूर हुंगा, प्लेगवरच्या गोळ्या आत्ताच घ्या, उद्या दुप्पट भाव होईल, असं जो तो सांगत होता. त्यातच सुरतेच्या गिरणीतून मामा आला.

"त्याला भांडं देऊ नगा," शेजारीण म्हणाली.

आईनं सख्ख्या भावाला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि तांब्यातून वरून पाणी ओतलं. मामानं वाकून ओंजळ धरली.

आतून आजोबा कडाडले, "आगं, असं पानी आमी पाटलाच्या दारात पीत हुतो! मग बुद्धाची दीक्षा कशापायी घेतली?"

पेला घेऊन मात्र आमच्यातलं कुणीच बाहेर गेलं नाही. आजोबासुद्धा.