जावेच्या हाताचं सोंग

धाकट्या जावेचा उजवा हात तापातून उठल्यावर लुळा पडला, तेव्हा मला पहिला संशय आला तो त्या मुहूर्ताचा. नेमका आंबा उतरवायच्या वेळी हात जावा? घरात बायका आम्ही दोघीच. आंबे पिकायला गवतात आढी मी लावली, रसाची साटं उन्हात मी घातली, नारळही मीच खवले, आणि ही बसून बघायची. मी पाळत ठेवायचे. माशी बसली तर बोटं हलतात का? एकदा हललीशी वाटली. मला तेवढं पुरलं.

दीर मुंबईला नोकरीला. तिला पालीला माहेरी धाडून दुसरं लग्न करावं, असं त्यांच्या मनात घोळत होतं. तिला लिहिता-वाचता येई, पण आता लिहिणार कशानं? दर पंधरवड्याला दिरांना जायचं पत्र ती सांगायची, मी लिहायचे. पाकीट चिकटवण्याआधी खाली माझी एक ओळ असायची : हे सगळं सोंग आहे.

शेजारच्या बागायतदारांचा मुलगा मुंबईत डॉक्टर. तो दिवाळीच्या सुटीला बोटीनं आला, तो ट्रंकेएवढी पेटी घेऊन. हृदयाचे ठोके टिपायचं यंत्र ते, पण तो त्यावर स्नायूंची वीज टिपायचा. मेंदूनं हुकूम सोडला की हातात बारीकशी वीज खेळते आणि फिल्मवर तिची रेघ उमटते, म्हणे. मला त्याचाही भरवसा नव्हता.

त्यानं मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी तिच्या हाताला बांधली, त्यांवर तारा जोडल्या. "उचला." तिच्या कपाळावर घाम आला. कोठीच्या खोलीत अंधार करून त्यानं फिल्म धुतली. रेघ सरळ.

"बघितलंस ना रे? तिच्या मनातच नाही उचलायचं," मी म्हटलं.

फडकी तिच्या खांद्यावर बांधून त्यानं पुन्हा हात उचलायला लावला. ह्या वेळी रेघ नुसती उसळली होती.

"आता तुम्ही बसा, वहिनी. हात उचलत नाही असं सोंग करा. जोर मात्र लावताय असं दिसू दे."

हाताला फडकी बांधून घेऊन मी झकास सोंग केलं. दात आवळले, कण्हलेसुद्धा. हात जागचा हलला नाही. फिल्म धुऊन आली, तर रेघ करवतीच्या दात्यांसारखी.

"सोंग करणारा हात उचलतोही आणि दाबूनही धरतो. दोन्ही हुकूम हातात उमटतात," तो म्हणाला. "यांच्या हातापर्यंत काही पोचतच नाही. खांदा बघा, जीव तोडून उचलतायत त्या. वर्षभरात थोडा सुधारेल हात, पण धीर धरायला हवा."

मला शरम वाटली आणि त्याहून जास्त राग आला, त्या पेटीचा. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच कागद घेऊन आली.

"डॉक्टर म्हणाले ते सगळं लिहा त्यांना," ती म्हणाली. "आणि खाली तुमची ओळ असते ना वहिनी, ती आज मला वाचून दाखवा."

दिरांच्या उत्तरांतून तिला ते केव्हाच कळलं असणार. उत्तरं ती स्वतःच वाचायची. तरी इतके महिने ती माझ्यासमोर बसून पत्र सांगत आली, कारण लिहून देणारी घरात दुसरी बाई नव्हती.