चार नंबरच्या लाइनीवर दोघं

मुकुंदवाडीत अजूनही सांगतात, की द्वारकाबाईंनी बंद पडलेल्या मोडेमला चप्पल दाखवली आणि तो घाबरून चालू झाला. सांगणारा चप्पल कशी उगारली ते करून दाखवतो, मोडेम कसा कण्हला तेही काढून दाखवतो. ऐकायला झकास आहे, फक्त खोटं आहे. चप्पल उगारली होती, पण मोडेमवर नाही, दिरावर. आणि मोडेम चालू झाला तो दुसऱ्या दिवशी, केसांतल्या आकड्यानं.

साल दोन हजार तीन. बायपासच्या बाजूला रोज एक नवी इमारत उगवत होती आणि मुकुंदवाडीत टँकर यायचा एक दिवसाआड. द्वारकाबाई पाचोडकडच्या, शाळा चौथीपर्यंत. नवऱ्यामागं त्याचा एसटीडी बूथ त्यांनी अकरा वर्षं चालवला होता. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे त्यांचे गुलाम होते. गिऱ्हाइकानं नुसतं "जालना" म्हणावं, की बाईंनी ०२४८२ फिरवलेलं असायचं. मोबाइल आले, बूथची गर्दी ओसरली, तशी बाईंनी एक जुना कॉम्प्युटर घेऊन इंटरनेट टाकलं. सगळी भिस्त निकालावर होती. गुरुवारी बारावीचा निकाल नेटवर लागणार होता आणि अख्ख्या वाडीची पोरं बाईंच्या बूथवर येणार होती.

आणि मंगळवार उजाडला तरी फोनच्या लाइनीवरून किर्रकिर्र करत नेट जोडणारा मोडेम मुका होता.

शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मंदार आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात चपटा स्क्रू-ड्रायव्हर आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "ॲक्च्युअली".

"ॲक्च्युअली काकू, मोडेम उडालाय. फोनच्या लाइनीवर वीज पडली असणार. नवा पुण्याहून मागवावा लागेल. आठ दिवस."

"वीज पडली?" बाई उठून दारात गेल्या, कपाळावर आडवा हात धरून आभाळ बघून आल्या. "कोणत्या आभाळातून रे बाळा? दोन वर्षं झाली, म्या धड काळा ढग बघितला नाय. मुकुंदवाडीला पाऊस नाय पडत अन् वीज तेवढी पडती व्हय?"

मंदार दुसरं "ॲक्च्युअली" गिळून निघून गेला. तो वळला नाही तोच साहेबराव आले, बाईंचे धाकटे दीर. हातात मोजपट्टी. बूथचा गाळा सासऱ्यांच्या नावावर होता, आणि साहेबरावांना तिथं थंड पाण्याचे जार ठेवून विकायचे होते. त्यांनी सरळ टेलिफोनच्या फळीला पट्टी लावली.

"वहिनी, इथं चाळीस जार बसतात."

तेव्हा चप्पल उगारली गेली.

"भावजी, पट्टी गुंडाळा. गुरुवारी नेट चाललं तर?"

"चाललं तर गाळा तुमचा. आईची शपथ, परत तोंड उघडणार नाय. अन् नाय चाललं तर शुक्रवारी जार."

"मंजूर. आता निघा."

साहेबराव गेले आणि बाई खुर्चीत बसून राहिल्या. रडल्या वगैरे नाहीत. त्या हिशोब लावत होत्या, कधीपासून? त्यांचं कॅलेंडर म्हणजे टँकर. गेल्या बुधवारी टँकर आला तेव्हा मोडेम गात होता, सिल्लोडच्या एका मका व्यापाऱ्याचा ईमेल गेला होता. शुक्रवारी टँकर आला तेव्हा मुका. मधल्या गुरुवारी काय झालं? गुरुवारी गिऱ्हाइकाचा चहा माउसवर सांडला होता, आणि साहेबरावांनीच मोठ्या मनानं शहागंजच्या जुन्या बाजारातून दुसरा माउस आणून दिला होता. पहिल्याची पिन गोल होती. याची रुंद, कॉम्प्युटरच्या दुसऱ्याच भोकात बसणारी.

बुधवारी सकाळी बाईंनी रुंद पिन उपटली आणि माउसशिवाय, नुसत्या बटणांवर, मोडेमला नंबर लावायला सांगितला.

"टीं... टुक-टुक-टुक... घर्र्र... ख्याँऽऽ किर्रर्र!"

मी शेजारच्या घरातली पोरगी, नकला करण्यात पटाईत; हा आवाज मीही पुढं पुष्कळ दिवस काढत राहिले. पण त्या दिवशी खरा आला होता. मी पळत गेले. बाईंनी माउस परत जोडला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मोडेम मुका. काढला, गायला. जोडला, मुका. असं तीनदा. राँग नंबर दोनदा लागू शकतो, तिसऱ्यांदा नाही, असं त्यांचं मत होतं.

"मावशे, मग माउस काढूनच ठेव ना," मी म्हटलं. "दोन्ही एकदम चालायचेच नाय. पैज!"

"पैज? हरलीस तर महिनाभर टँकरवरचे माझे हंडे तू आणायचे."

"अन् तू हरलीस तर महिनाभर तुझी नक्कल तुझ्यासमोर करणार."

"कर की. अर्धं चाललेलं मला नाय चालत."

मंदारला फोन गेला. तो आला, हात बांधून उभा राहिला.

"काकू, मोडेम जळालाय म्हटलं ना?"

"जळालेलं गातं व्हय? बस. कोण कोणत्या नंबरवर बसलंय त्याची यादी असंल ना या कॉम्प्युटरच्या डब्यात? काढ."

पडद्यावर यादी निघाली. इंग्रजी अक्षरांकडं बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. बोट नुसतं आकड्यांवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हा चार कुणाचा?"

"माउसचा."

"अन् हा चार?"

मंदार पडद्याच्या जवळ सरकला. "मोडेमचा," तो म्हणाला. या वेळी आधी "ॲक्च्युअली" नव्हतं.

"नळाला कधी पाणी आलंच, तर आमच्या दोन गल्ल्यांना चावी, म्हंजे वॉल, एकच हाय. वॉलमन दोन्हींचं पाणी एकदम सोडतो, मंग आमच्या चढाच्या गल्लीत थेंब येत नाय. तसंच झालं हे. यातल्या एकाला दुसरी लाइन दे."

डब्याचं झाकण निघालं. आत बसवलेल्या मोडेमच्या पट्टीवर बारीक पिना होत्या, दोन पिनांवर लाइन ठरवणारी इवलीशी काळी टोपी, आणि शेजारी छापलेला आकड्यांचा तक्ता. मागचं दुसरं पोर्ट, म्हणजे तीन नंबरवर बसलेलं भोक, रिकामंच होतं. मंदारनं ते बंद केलं, म्हणजे तीन नंबरची लाइन मोकळी झाली. टोपी मात्र त्याच्या जाड बोटांत येईना. बाईंनी केसांतला आकडा काढला, टोपी उचलली, तक्त्यात तीन बघितला आणि टोपी तिथं बसवली.

झाकण लावलं. माउस जोडलेला. बाईंनी उजव्या हातानं माउस गोल गोल फिरवत ठेवला आणि डाव्या हातानं बटण दाबलं.

"टीं... टुक-टुक-टुक..."

मंदारनं स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. "ॲक्च्युअली काकू," तो हळूच म्हणाला, "हे मला दिसायला हवं होतं."

गुरुवारी बूथसमोरची रांग पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. साहेबराव दुपारी येऊन गेले. पट्टी आणली नव्हती. आपल्या पोराचा बारावीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आणली होती. बाईंनी त्यांना रांगेत उभं केलं.

शनिवारी टँकर आला. डोक्यावर एक हंडा, कमरेवर दुसरा, मी चढ चढत होते आणि द्वारकाबाई बूथच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "काढ की आता मोडेमचा आवाज."

मी तोंड उघडलं. नुसती धाप निघाली.