तीन शिट्ट्यांचा होकार

आमच्या घरात एक नियम आहे. कुकरची शिट्टी झाली की हातातलं काम थांबवायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे, मान खाली घालायची आणि मनात म्हणायचं, "प्रभू, तू इथं आहेस." का, कशासाठी, असलं काही विचारायचं नाही.

या नियमानं माझी जी फजिती केली ना, ती ऐकाल तर कुकर माळ्यावर टाकून पातेल्यात भात लावाल!

नियम माझ्या प्रेमलाआत्याचा. आत्या मिरजेत तीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाली, पण तिचा वॉर्ड काही सुटला नाही. आता आम्ही तिचे पेशंट. तिचं म्हणणं असं, की रविवारी चर्चमध्ये देवाला भेटायचं आणि सोमवारी भाजी चिरताना विसरून जायचं, हे काय खरं नाही. देव स्वयंपाकघरातही असतो. फक्त आठवण करून द्यायला रोजची घंटा हवी.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आत्या, शिट्टी झालीच नाही तर देव नसतो का गं?"

"तर कुकरची रिंग बदलायची," आत्या म्हणाली. "आणि आगाऊपणा करायचा न्हाई."

संपला विषय! त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की आत्यानं रेल्वेची शिट्टी धरली नाही. मिरज जंक्शन हो! आमच्या माना वर आल्याच नसत्या.

पण सवय फार वाईट. शिट्टी शेजारची असो, हॉस्टेलच्या मेसची असो, माझी मान आपोआप खाली. एकदा शिंपीणबाई गळ्याचं माप घेत होत्या आणि त्यांच्या डाळीला शिट्टी आली. तो ड्रेस अजून माझ्या हनुवटीला टोचतो.

तर गेल्या वर्षी पलूसहून मला बघायला पाहुणे आले. मला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, सोमवारी निघायचं होतं. "नुसतं बघून जाऊ देत की, बघायला काय हुतंय?" असं म्हणून पप्पांनी आणि आत्यानं मला गुंडाळलं. मीही मनाशी पक्कं केलं होतं. पोहे द्यायचे, गोड हसायचं, आणि विचारलं की सरळ सांगायचं: मला आत्ता लग्न करायचं नाही.

मुलाचं नाव आशिष. बिचारा बरा होता. माझ्यासारखाच सारखा घड्याळाकडे बघत होता. उत्साह सगळा त्याच्या आईला आणि मामांना. पाहुण्यांच्या जेवणासाठी मम्मीनं आत मटण कुकरला लावलं होतं.

"आता पोरीलाच इचारू की," आशिषची आई म्हणाली. "काय गं बाई, आमचा आशिष पसंत हाय न्हवं?"

मी तोंड उघडलं. आणि आतून कुकर बोलला. फुस्स्स!

हात जोडले. डोळे मिटले. मान खाली.

"आगं बया, लाजली!"

"तसं नाही मावशी, मला..." फुस्स्स! परत मान खाली.

आणि मी एकटी नाही हं! शेजारी पप्पा आणि आत्या, दोघंही हात जोडून, माना खाली घालून बसलेले. पाहुण्यांना काय वाटलं असेल सांगा! सबंध घर त्यांच्यापुढं वाकलेलं!

"किती नम्र माणसं वो!" मामा गहिवरले. "आवं, हात कशाला जोडता? पोरगी आमचीच हाय आता."

मी "नाही" मधला "ना" उच्चारला आणि तिसरी शिट्टी झाली. मान वर करते तोवर आशिषच्या आईनं अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला.

मी आत्याकडे बघितलं. तिला तर सगळं कळत होतं! पण बाई गालात हसत होती. तिला त्यात देवाची योजना दिसायला लागली होती.

गडबड ऐकून मम्मी धावत बाहेर आली. मामा उभे राहिले, "चला, देवाच्या उपकारस्तुतीची प्रार्थना करू." आता प्रार्थनेत मधे कोण बोलणार? आणि तोंडात पेढा! मामांनी आदाम-हव्वेपासून सुरुवात केली. तेवढ्यात किती शिट्ट्या झाल्या कोण जाणे. माना आधीच खाली होत्या. शेवटी सगळे म्हणाले, "आमेन."

मीसुद्धा म्हणाले! सवय हो, दुसरं काय?

"मग तारीख मे म्हयन्यातली धरूया," मामा म्हणाले.

तेव्हा मी उठले. पेढा गिळला.

"थांबा. मला हे लग्न करायचं नाही. सोमवारी मी पुण्याला जाणार. मी मान कुकरसाठी खाली घातली होती, आशिषसाठी नाही."

"आगं, पाव्हण्यांम्होरं असं बोलत्यात व्हय?" आत्या दबक्या आवाजात ओरडली.

"मग कुणासमोर बोलू? आत्या, तो इथं आहे हे तूच शिकवलंस ना? मग त्याच्यादेखत खोटं 'हो' कसं म्हणू? तो आत्ता ऐकतोय की नाही? का फक्त शिट्टीपुरता येतो?"

मामांचा पेढा हातातच राहिला. आशिषनं तेवढा सुटकेचा निःश्वास सोडला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा.

काय सांगू तो रुबाब! आयुष्यात पहिल्यांदा घरातली झाडून सगळी मोठी माणसं माझ्यापुढं चिडीचूप झाली होती आणि मी ताठ मानेनं उभी होते.

फक्त एकच. धावत बाहेर आलेली मम्मी गॅस बंद करायला विसरली होती.

फुस्स्स!

या वेळी पप्पा हलले नाहीत. आत्यासुद्धा हलली नाही. सगळे डोळे वटारून माझ्याकडे बघत राहिले.

मान खाली गेली ती एकटीची. माझी. हात जोडून.