मृत्यूच्या तारखेची रिकामी जागा

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. चेहरा एका प्रकरणातला आठवतो, कलम दुसऱ्यातलं. गोडदेवच्या त्या घराचं तसं झालं नाही. ते जिथल्या तिथे आहे.

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू कधी चुकीच्या माणसाला पकडलंस का?" मी विषय बदलला. उत्तर लिहून देते. मराठीत लिहिते, कारण ते सगळं मराठीत घडलं. सावकाश वाचा. नाव कोणाचंही लिहिणार नाही, त्या घरातली माणसं अजून याच शहरात राहतात.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होते. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराने, म्हणजे तक्रारी घेणाऱ्या हवालदाराने, मला हाक मारली. फोनवर एका बाईचा आवाज होता. तिने गोडदेवच्या एका इमारतीचा पत्ता सांगितला आणि म्हणाली, "तिथे आता अंत्ययात्रा निघतेय. ती थांबवा. त्यांच्या मरणाचे कागद ते मरायच्या आधीच तयार होते." पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला.

अशा फोनमागे बहुतेक वेळा भाऊबंदकी असते. तरी स्टेशन डायरीत नोंद केली आणि माझ्या जुन्या हवालदाराला घेऊन निघाले. एकदा अग्नी दिला की पुरावा संपतो.

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मयत शेजारच्या एका नगरपालिकेत वेतन शाखेत वरिष्ठ लिपिक होते. पगारपत्रकं, रजा, सेवापुस्तकं, निवृत्तीची प्रकरणं, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. मूत्रपिंडाचा आजार होता, वर्षभर डायलिसिस चालू होतं. ओळखीच्या डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचा दाखला दिला होता. घरात बायको आणि सत्तावीस वर्षांचा मुलगा. मुलगा मोटरसायकलवरून पार्सलं पोचवायचं काम करायचा.

"मॅडम, पप्पांना किडनीचा त्रास होता, सगळ्या बिल्डिंगला माहितीय," तो म्हणाला. "आता काय चिरफाड करणार त्यांची?"

"करावी लागेल."

शेजारचे एक गुजराती काका पुढे आले. "मॅडम, रत्नागिरी से इनके रिश्तेदार आए हैं. सब खड़े हैं. क्या बोलें उनको?"

मी म्हटलं, पोलिसांनी थांबवलंय म्हणून सांगा. अकस्मात मृत्यूची नोंद केली, दोन पंचांसमोर पंचनामा केला आणि मृतदेह सरकारी रुग्णालयात पाठवला. मयताची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला अडवायला ती पुढे आली नाही, आणि तेही मी मनात टिपून ठेवलं.

गाडीत हवालदार म्हणाला, "मॅडम, रिटायर व्हायला पाच दिवस राहिले होते. पाच! तसा रिटायर झाला असता तर शाल आणि नारळ. आता बघा, पोराला सरकारी नोकरी."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. नोकरीत असताना कर्मचारी वारला तर त्याच्या घरातल्या एकाला त्याच कार्यालयात नोकरी मागता येते. त्याला अनुकंपा म्हणतात. निवृत्तीनंतर दुसऱ्या दिवशी जरी वारला, तरी ती मिळत नाही. मरण कोणत्या तारखेला येतं, यावर एका घराचं पुढचं आयुष्य ठरतं.

दुपारी मी त्यांच्या कार्यालयात गेले. त्यांचं टेबल इतकं नीट होतं की टाचण्यासुद्धा आकाराप्रमाणे वेगळ्या होत्या. शेजारच्या टेबलावरचा एक जण कोणाला तरी हळूच म्हणाला, "मरण पण मुदतीत सादर केलं बघ साहेबांनी." दोघं हसले आणि माझी वर्दी दिसताच गप्प झाले.

निवृत्ती जवळ आल्यामुळे त्यांच्याकडून पदभार घेण्याचं काम एका तरुण लिपिक मुलीकडे होतं. ती बोलायला लागली आणि सकाळचा फोन तिचा होता हे मला कळलं. मी तसं दाखवलं नाही. तिने कपाट उघडून एक फाईल काढली.

"चार्ज घेताना काल सापडली. सर बरेच दिवस आजारीच दिसत होते. आणि आज सकाळी कळलं की सर गेले."

अनुकंपा नोकरीचा अर्ज होता, मुलाच्या नावाने. शिक्षण, जन्मतारीख, नातं, सगळं भरलेलं. फक्त मृत्यूच्या तारखेची जागा आणि अर्जदाराच्या सहीची जागा रिकामी. खाली स्टँप पेपरवर पत्नीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, की ही नोकरी मुलाला द्यायला माझी हरकत नाही. त्यात मयताच्या नावाआधी 'कै.' लिहिलेलं होतं. पत्नीची सही होती. मागे विक्रेत्याचा शिक्का, खरेदीदार म्हणून पत्नीचं नाव, आणि तारीख मृत्यूच्या बारा दिवस आधीची.

नवरा जिवंत असताना बायकोने स्वतःला विधवा म्हणवणाऱ्या कागदावर सही केली होती. मला आणखी काय हवं होतं?

"सर कसे होते?" मी मुलीला विचारलं.

"कडक. कोणाचीही फाईल त्रुटी काढून परत पाठवायचे. नवरा गेलेल्या बायका चार-चार खेपा घालायच्या. सर म्हणायचे, मी नाही परत पाठवत, नियम पाठवतो."

संध्याकाळी मुलाला ठाण्यात बोलावलं. बाप शवागारात आणि मुलगा माझ्या समोरच्या लाकडी बाकावर. पाणी दिलं, हात कोणी लावला नाही. चार तास तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारले.

"डायलिसिसला कोण न्यायचं?"

"मीच. आठवड्यातनं दोनदा. पण या महिन्यात पप्पा बोलले, ऑफिसच्या जवळ सेंटर मिळालंय, तू नको येऊस, तुझी ड्युटी बुडते."

"कुठलं सेंटर?"

"नाही विचारलं."

"बाप मरणाला टेकलाय आणि तू साधं सेंटर विचारलं नाहीस?"

"मॅडम, पप्पांना काय विचारलं की ते चिडायचे. चार दिवसांपूर्वी पाय एवढे सुजले होते. मी बोललो, हॉस्पिटलला चला. तर बोलले, एकतीस तारखेपर्यंत रजा नाही टाकणार, रेकॉर्ड खराब होतं."

हवालदार हसला. "एवढा कामाचा माणूस आणि पोरगा पार्सलं वाटतो!"

मी फाईल मुलासमोर ठेवली. त्याने ती पहिल्यांदाच पाहिली, हे आज मला स्पष्ट दिसतं. तेव्हा मला फक्त त्याचा उडालेला रंग दिसला. मी म्हटलं, "बापाच्या खुर्चीवर बसायची इतकी घाई झाली होती तुला?"

त्याने मान खाली घातली. त्यानंतर त्याने हो आणि नाही याशिवाय काही उत्तर दिलं नाही. रात्री उशिरा, सकाळी परत यायच्या अटीवर, त्याला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल आला. मारहाणीची खूण नाही, विषाचं लक्षण नाही. मूत्रपिंडं निकामी, शरीरात पाणी साठलेलं. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, विषाच्या तपासणीसाठी राखून ठेवला होता. जुन्या डायलिसिस केंद्रात चौकशी केली. त्यांच्या नोंदवहीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर मयताच्या नावापुढे काही नव्हतं. कार्यालयाजवळ दुसरं केंद्रच नव्हतं.

म्हणजे उपचार बंद झाले होते. कोणी बंद केले, एवढंच राहिलं होतं. माझ्या डोक्यात उत्तर पक्कं होतं.

तेवढ्यात ती लिपिक मुलगी स्वतः ठाण्यात आली. अर्जातल्या अक्षराशी ताडून बघायला मी मयताच्या हातच्या जुन्या टिपण्या मागवल्या होत्या, त्या घेऊन. दोन्ही कागद शेजारी ठेवले. अक्षर एकच होतं. 'कै.'सुद्धा त्यांच्याच हातचं.

"कोणी जबरदस्तीने लिहून घेतलं असेल," हवालदार म्हणाला.

मुलीने प्रतिज्ञापत्र उलटं केलं. "मॅडम, हस्ते बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. स्टँप पेपर कोणाच्याही नावाने घेता येतो, पण तो घ्यायला प्रत्यक्ष कोण आलं त्याचं नाव विक्रेता खाली 'हस्ते' म्हणून लिहितो आणि वहीत त्याची सही घेतो. आदल्या दिवशी मी तारीख वाचली होती, खरेदीदाराचं नाव वाचलं होतं आणि तिथेच थांबले होते. 'हस्ते'समोर मयताचंच नाव होतं.

विक्रेता म्हातारा होता, टपरीवजा जागेत बसायचा. त्याने वही उघडून सही दाखवली. "हे साहेब ना? लोकांना माझ्याकडे तेच पाठवायचे. त्या दिवशी स्वतः आले. मी म्हटलं, आज तुम्ही कसे? तर म्हणाले, या फाईलीत त्रुटी निघता कामा नये."

मी एका महिला शिपायाला बरोबर घेऊन मयताच्या घरी गेले. बाईंना समोर बसवलं.

"सही तुमची?"

"माझीच."

"न वाचता केलीत?"

"वाचून केली. सातवी शिकलेय मी."

"'कै.' वाचलंत?"

"वाचलं." त्यांनी पदर बोटाभोवती गुंडाळला. "मी म्हटलं, अहो, हे काय अभद्र लिहिलंय, खोडा आधी. तर म्हणाले, खाडाखोड चालत नाही. मग सगळं सांगितलं, डायलिसिस बंद केल्याचंही. म्हणाले, मी वर्ष-दोन वर्षं काढणार, तेही मशीनवर. तेवढ्यासाठी पोराचं आयुष्य रस्त्यावर घालवू का? आणि मी गेल्यावर तू त्या ऑफिसात खेपा घालू नयेस म्हणून सगळं करून ठेवतोय. त्या बायकांचे हाल मी बघितलेत, म्हणाले."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी केली सही."

"मुलाला माहीत होतं?"

"नाही हो. त्याला कळलं असतं तर उचलून नेलं असतं त्याने बापाला." मग, माझ्याकडे न बघता, "मीही नेऊ शकले असते, मॅडम."

ते वाक्य मी जबाबात घेतलं नाही. वरिष्ठांशी बोलले. गुन्हा कोणावरच दाखल होत नव्हता. तिसऱ्या दिवशी मृतदेह ताब्यात दिला. रत्नागिरीचे बरेचसे नातेवाईक तोवर परत गेले होते. मुलाने मडकं फोडलं तेव्हा मागे मोजकी माणसं होती. पुढे व्हिसेराच्या अहवालातही काही निघालं नाही. आजाराने मृत्यू, असा अहवाल पाठवून मी प्रकरण बंद केलं.

काही महिन्यांनी त्या बाई ठाण्यात आल्या. त्यांना अंतिम अहवालाची प्रत हवी होती. मृत्यूच्या आधीच्या तारखेचं प्रतिज्ञापत्र नगरपालिकेने नाकारलं होतं. त्यांनी नवा स्टँप पेपर आणून पुन्हा सही केली होती.

"मग आता अडलंय कुठे?" मी विचारलं.

"पोरगा अर्जावर सही करत नाही."

"का?"

"तुम्ही त्याला म्हणालात ना, बापाच्या खुर्चीवर बसायची घाई झाली होती का म्हणून. तो म्हणतो, आई, सही केली तर मॅडम बोलल्या ते खरं होईल. अर्जाला एक वर्षाची मुदत आहे. तुम्हीच सांगा त्याला. माझं ऐकत नाही."

मी त्याला शोधत गेले. बेव्हर्ली पार्कमधल्या एका इमारतीच्या गेटवर सापडला, पाठीवर मोठी पिशवी, हातात फोन. रस्त्यात उभी राहून मी त्याला म्हणाले, "माझं चुकलं. मी ते बोलायला नको होतं. तू सही कर. तुझ्या वडिलांनी त्यासाठी..."

"मॅडम, तुम्ही तुमची ड्युटी केली," तो म्हणाला. अगदी शांतपणे. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "सातव्या माळ्यावर द्यायचंय, लेट होतोय." आणि तो आत गेला.

मी दोनदा परत गेले. वर्ष संपलं. त्याने सही केली नाही.

पोलिसात शिरताना आम्हाला पहिला प्रश्न शिकवतात, फायदा कोणाचा? तो प्रश्न मला अजूनही चुकीचा वाटत नाही. त्याने मी अनेक गुन्हे उघडकीस आणले. पण त्या प्रश्नाच्या आधारावर मी चार तास एका शोकात असलेल्या मुलाशी बोलले, आणि त्याच्या बापाने मरून जे त्याच्यासाठी ठेवलं होतं, ते माझ्या एका वाक्याने गेलं.

निवृत्त होण्यापूर्वी मी त्या प्रकरणाची फाईल एकदा मागवून घेतली. मुलाचा जबाब शांतपणे वाचला. जबाबात फक्त सांगणाऱ्याचं म्हणणं लिहायची आमची पद्धत आहे, विचारणारा काय बोलला ते लिहीत नाहीत. दीड पानाचा जबाब, शेवटी 'वाचून पाहिला, बरोबर आहे', खाली त्याची सही आणि माझी सही. माझं ते वाक्य त्यात कुठेही नव्हतं. कागदावर मी काहीही चुकीचं केलेलं नाही.