पालादिनोचा शेवटचा श्वास

कातानियातल्या आमच्या कळसूत्री थिएटरात मी पडद्याआडून राजकन्यांचे आवाज काढायची आणि यानूकाका पालादिनोला लढवायचे. पालादिनो म्हणजे राजाचा इमानी योद्धा. शब्द मूळ रोमचा. तिथल्या पालातिनो टेकडीवर सम्राटांचे वाडे होते, म्हणून वाड्यातला माणूस तो पालादिनो. पुढे राजाशेजारी लढणाऱ्या शूरांना तेच नाव पडलं. हे मी सांगितलं तेव्हा काका खो खो हसले. "वाड्यातला? अगातिना, माझ्या खोलीला खिडकी एकच, तीही शेजारणीच्या कोंबड्यांकडे उघडते!"

दिवसभर बंदरावर पोती उचलायची आणि संध्याकाळी लोखंडी सळयांनी वरून लढवायचा तो तीस किलोचा चिलखती बाहुला. थकत नाही का, विचारलं तर म्हणायचे, "पोत्यात जीव नसतो गं, म्हणून ते जड."

त्या हिवाळ्यात त्यांचा डावा खांदा गेला. वर्षभर रोज पुढे सरकणारी आमची कथा नेमकी पालादिनोच्या मरणापाशी आली होती. मालकांनी दुसरा माणूस ठरवला, तर काका हट्टाला पेटले. "मालक, याला वर्षानुवर्षं मी जगवलाय. मरणही माझ्याच हातून येऊ दे."

त्या मरणाच्या संध्याकाळी लोक सुतकात असल्यासारखे काळे टाय लावून आले. भाजलेले चणेसुद्धा कुणी फोडेना. लढाई रंगली आणि अचानक काकांचा खांदा लुळा पडला. पालादिनो कमरेत वाकला, तोही थेट त्याला दगा देणाऱ्या गद्दारासमोर!

पहिल्या रांगेतला नेड्डू मासेवाला ताडकन उठला. आदल्याच दिवशी त्यानं गद्दाराच्या बाहुल्याला जोडा फेकून मारला होता. "ओ यानूकाका, लाज आणली! माझा बाप इथेच बसायचा, त्यानं असलं कधी पाहिलं नाही!"

"हात गेला रे, नेड्डू," काका पडद्याआडून म्हणाले.

 कोट काढून नेड्डू थेट पडद्यामागे, बाहुले लढवायच्या आमच्या उंच फळीवर चढला.

"डोक्याची सळई तू धर," काका म्हणाले. "तलवारीचा हात माझा."

पालादिनो उभा राहिला. थिएटर दणाणलं. माझा आवाज फाटला, तर लोकांना वाटलं, काय अभिनय करते ही बाई! मग लढाई संपली आणि दोघांनी मिळून त्याला हळूहळू जमिनीवर निजवलं. लोकांच्या टोप्या उतरल्या होत्या. नेड्डूनं सळई अजून धरून ठेवली होती.

"काका, सोडू?"

"थांब जरा," काका कुजबुजले. "अजून श्वास चाललाय त्याचा."